ओळखीचा शब्द

२०१४ सालच्या सप्टेंबरमध्ये मी शिकण्यासाठी इस्तंबूलला गेले. कादिकोय नावाच्या भागात मला एक लहानशी खोली मिळाली. हा भाग आशिया खंडात येतो. माझे वर्ग मात्र बोस्फरस सामुद्रधुनीच्या पलीकडे, युरोपात होते. त्यामुळे मी रोज सकाळी बोटीने युरोपात जाई आणि रात्रीच्या जेवणाला आशियात परत येई! बोटीवर लोक सिमित नावाचे, तीळ लावलेले कड्यासारखे पाव खात. मधूनच एखादा तुकडा हवेत भिरकावत आणि समुद्रपक्षी तो वरच्या वर झेलत.

तुर्की भाषेची मला भीती वाटली नाही. तुर्कस्तानने १९२८ साली अरबी लिपी सोडून रोमन लिपी घेतली. त्यामुळे दुकानांवरच्या पाट्या मला वाचता येत. शिवाय कलम, किताब, साबण, दुनिया असे कितीतरी शब्द थोड्याफार फरकाने तिथे भेटले. क्रियापदही आपल्यासारखेच वाक्याच्या शेवटी येते. पण गंमत पाहा. उर्दूत दफ्तर म्हणजे कचेरी, मराठीत दप्तर म्हणजे शाळेची पिशवी आणि तुर्कीत 'देफ्तेर' म्हणजे वही! अशाच एका शब्दाने मला चांगलेच फसवले.

माझ्या शेजारी एक आजी व त्यांची नात राहत होती. तिकडे वयस्कर बाईला 'तेयझे' म्हणजे मावशी म्हणतात. मीही तसेच म्हणू लागले. एकदा त्यांनी मला चहाला बोलावले. तिथला चहा बिनदुधाचा, छोट्या काचेच्या पेल्यातला. मी दूध मागून घेतले आणि चहात ओतले. नात डोळे विस्फारून म्हणाली, "चोक गारिप!"

'चोक' म्हणजे फार, हे मला ठाऊक होते. आणि गारिप? तो तर आपला 'गरीब'! माझे लक्ष चटकन माझ्या स्वेटरकडे गेले. त्याचे कोपर विरले होते. शिष्यवृत्तीचे पैसे महिनाअखेरपर्यंत पुरत नसत, हेही खरेच होते. मी चहा कसाबसा संपवला आणि उठले. त्यानंतर जिन्यात त्या दोघींचा आवाज आला की मी दार लावून घेई.

मोहरम आला. तिकडे आशुऱ्याला गहू, हरभरे, जर्दाळू, अंजीर एकत्र शिजवून गोड पदार्थ करतात आणि शेजाऱ्यांना वाटतात. नूह पैगंबरांच्या नौकेत उरलेल्या धान्याचा असाच पदार्थ केला होता, अशी कथा सांगतात. तेयझे वाडगा भरून घेऊन आल्या. वाडगा देऊन त्या क्षणभर दारात थांबल्या. मी त्यांना 'आत या' म्हटले नाही. आजही ते आठवले की मला स्वतःचा राग येतो.

दोन दिवसांनी वर्गात शिक्षिकेने एक चित्र दाखवले. झाडावर मासा बसला होता. चित्राखाली त्यांनी लिहिले – गारिप. म्हणजे विचित्र! गरीब माणसाला तुर्कीत 'फाकिर' म्हणतात. मूळ अरबीत गरीब म्हणजे परका, हे मला नंतर कळले. परकी तर मी होतेच.

बोटीत त्या दिवशी मी पक्ष्यांकडे पाहिलेसुद्धा नाही. घरी आले तर तो वाडगा ओट्यावर तसाच होता. रिकामे भांडे परत देऊ नये, असे आई नेहमी म्हणे. तिनेच बरोबर दिलेल्या शेवया काढल्या, दूध आणले आणि शिरखुर्मा केला.

दार तेयझेंनीच उघडले. मी काही बोलायच्या आत त्यांनी मला हाताला धरून आत नेले. पहिल्याच घासाला त्यांना खजूर लागला. "हुर्मा!" त्या आनंदाने म्हणाल्या. मग मी तोडक्यामोडक्या तुर्कीत सारी हकिकत सांगितली. नात आधी गोरीमोरी झाली, मग पोट धरून हसू लागली.

"तुझा तो दुधाचा चहा कर ना," ती म्हणाली.

मी आले-वेलची घालून चहा केला. तिने एक घोट घेतला, तोंड वाकडे केले आणि म्हणाली, "चोक गारिप!"

पण पेला तिने पुरा संपवला.