सावलीतले अण्णा

अण्णांचे शेतातले एकच छायाचित्र माझ्यापाशी आहे आणि त्यात ते दिसत नाहीत.

२००८ सालच्या डिसेंबरातली संध्याकाळ. मावळतीचे आभाळ, त्याखाली बांधापर्यंत पसरलेला हरभरा आणि डाव्या कडेला आंब्याचा काळा आकार. त्या झाडाखाली बाजेवर अण्णा बसले होते. मी टिपत होतो आभाळ. कॅमेऱ्याने उजेडाचे माप आभाळावरून घेतले आणि झाडाखालचे सारे काळोखात गेले.

अण्णा गेल्यावर धाकट्या भावाचा फोन आला. "दादा, तेवढी सावली उजळून बघ ना. अण्णा दिसतील."

संगणकावर छाया उजळण्याची पट्टी सरकवली. आधी खोड वर आले, मग बाजेचा पाय, मग धोतराचा पांढुरका डाग. पट्टी टोकापर्यंत नेली, तर चेहऱ्याच्या जागी जांभळट-हिरवे ठिपके उसळले आणि चित्रातली संध्याकाळच नाहीशी झाली. कारण साधे आहे. जेपेगमध्ये प्रत्येक रंगाला २५६ पायऱ्या असतात. अगदी गडद भागाच्या वाट्याला त्यांतल्या मोजक्याच येतात. चित्र रॉ स्वरूपात जपले असते तर कदाचित अधिक हाती लागले असते. जे नोंदलेच गेले नाही ते उजळणार कसे? आजची काही साधने तिथे चेहरा रचूनही देतील; तो अण्णांचा नसेल.

अशा वेळी अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्स आठवतात. १९४१ साली न्यू मेक्सिकोतील हर्नान्डेझ गावावरचा चंद्रोदय त्यांनी टिपला. प्रकाशमापक सापडेना, तेव्हा चंद्राच्या ठाऊक असलेल्या तेजावरून त्यांनी हिशेब केला. पुढे १९४८ मध्ये निगेटिव्हचा खालचा, गावाकडचा भाग रसायनाने तीव्र करून घेतला. नंतरच्या प्रतींत आभाळ मात्र ते अधिकाधिक काळे करत गेले. कोणता काळोख उघडायचा आणि कोणता गडद करायचा, हे ठरवायला त्यांनी वर्षानुवर्षे घेतली.

वर्गात कविता शिकवताना मी मात्र ती पट्टी अनेकदा टोकापर्यंत नेली आहे. संदिग्ध जागा दिसली की तिच्यावर अर्थाचा उजेड ओतायचा. मुले निमूटपणे उतरवून घेतात. त्यातले कवितेचे किती आणि माझे ठिपके किती, हे कोणी विचारत नाही.

असो. पट्टी मागे आणली, धोतराचा डाग जेमतेम दिसेल इथवर, आणि चित्र भावाला पाठवले. रात्री त्याचे उत्तर आले, "बाज आपलीच आहे."