नदी आटल्यावर

रहस्यकथा हा काही उजळ माथ्याने वाचायचा प्रकार नव्हे, अशी माझी बरेच दिवस समजूत होती. आजोबांच्या ट्रंकेत बाबुराव अर्नाळकरांची जुनी पुस्तके होती. झुंजार आणि काळापहाड यांची ओळख मला तिथेच झाली. ती पुस्तके भूगोलाच्या पुस्तकात लपवून वाचावी लागत, एवढ्यावरून काय ते समजावे! त्यामुळे इंग्रजीच्या मॅडमनी जेन हार्पर यांची ‘द ड्राय’ ही कादंबरी हातात ठेवली आणि “वाचून बघ, तुझ्याच गावाकडचं आहे,” असे म्हणाल्या, तेव्हा मला हसूच आले. ऑस्ट्रेलियातल्या खुनांचा लातूर जिल्ह्यातल्या आमच्या गावाशी काय संबंध?

पुस्तक उघडले आणि पहिल्याच पानावर माशा भेटल्या. शेतावरच्या घरात प्रेते पडली आहेत आणि तिथे सर्वांच्या आधी पोहोचतात त्या माशा. मी पुस्तक मिटले, पाणी प्यालो आणि पुन्हा उघडले.

किवारा हे व्हिक्टोरिया राज्यातले एक काल्पनिक गाव. दोन वर्षे पाऊस नाही. ल्यूक हॅडलर नावाच्या शेतकऱ्याने बायकोला आणि सहा वर्षांच्या मुलाला गोळ्या घातल्या आणि मग स्वतःवर बंदूक झाडून घेतली, असे सारे गाव मानते. तेरा महिन्यांची मुलगी तेवढी वाचली. का केले त्याने असे? गावाला प्रश्नच पडत नाही. दुष्काळ! शेत गेले, डोके फिरले, संपले. ल्यूकचा बालमित्र आरन फॉक अंत्यविधीला म्हणून मेलबर्नहून येतो. तो पोलिसांतला आहे खरा, पण खुनांचा तपास करणारा नव्हे. पैशांच्या अफरातफरीचे कागद तपासणारा. ल्यूकच्या आईवडिलांच्या आग्रहाखातर तो थांबतो आणि गावात नुकताच बदलून आलेला सार्जंट राको याच्याबरोबर शोध घेऊ लागतो.

या शोधात झुंजारसारखे वेषांतर नाही की भुयार नाही. राकोच्या लक्षात येते ते एवढेच, की प्रेतांत सापडलेली काडतुसे एका कंपनीची आणि ल्यूकच्या घरातली दुसऱ्या कंपनीची. आणि ती तान्ही मुलगी? गाव म्हणते, बापाला अखेरीस दया आली. शोध घेणाऱ्याला मात्र दुसरेच सुचते: तेरा महिन्यांच्या पोरीला साक्ष देता येत नाही, म्हणून तिला मारण्याची गरज नव्हती. हे वाक्य वाचताना रात्री वसतिगृहाच्या खोलीत मला एकटे बसवेना. खुनी कोण ते मी सांगत नाही. पुस्तक ग्रंथालयात आहे.

पण माझे मन अडकले ते निराळ्याच ठिकाणी. वीस वर्षांपूर्वी एली डीकन नावाची त्यांची मैत्रीण नदीत बुडून मेलेली सापडली. तिच्या खिशांत दगड होते आणि एका चिठ्ठीवर फॉकचे नाव होते. त्या दिवशी दुपारी आपण दोघे मिळून ससे मारायला गेलो होतो, असे ल्यूक आणि फॉक यांनी सांगितले. ते खोटे होते. त्या खोट्यानेही फॉक वाचला नाही. गावाने त्याला आणि त्याच्या वडिलांना हुसकावून लावले. आता परत आल्यावर तो त्या नदीवर जातो, तर नदीच नाही. खडखडीत पात्र. पाण्याचा आवाज का येत नाही, हे आधी त्याच्या कानांना जाणवते आणि डोळ्यांना मागाहून. दुष्काळाचे वर्णन मी पुष्कळ वाचले आहे, आपल्या ग्रामीण कथांत तर फारच. पण असे कानाने केलेले नाही. शेवटी शेवटी तर त्या वाळल्या रानात एक साधा लायटर बंदुकीहून भयंकर ठरतो.

एक तक्रार आहे. लेखिका मधूनमधून तिरप्या टायपात जुन्या घटना सांगते आणि फॉकला न कळलेल्या गोष्टीही वाचकाला कळतात. ही मला थोडी लबाडी वाटली. लेखिका मँचेस्टरची, मेलबर्नला वार्ताहर होती. ही तिची पहिलीच कादंबरी. २०१७ साली तिला इंग्लंडमधला गोल्ड डॅगर हा रहस्यकथांचा मोठा पुरस्कार मिळाला.

कादंबरी प्रसिद्ध झाली २०१६ साली. त्याच वर्षी एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आले. मी तेव्हा चौथीत होतो. आमच्या गावात टँकर येई आणि शाळेच्या काळ्या प्लॅस्टिकच्या टाकीत खिचडीपुरते पाणी राखून ठेवलेले असे. एका संध्याकाळी मी आणि माझा मित्र शाळेच्या आवारात शिरलो, नळाला तोंड लावून प्यालो आणि नळ नीट बंद न करताच पळालो. सकाळी टाकी रिकामी! शाळेमागे एक गरीब माणूस राहत असे. त्याच्या म्हशीच्या डोणीत त्या दिवशी पाणी दिसले. झाले, चोर सापडला. डोणीत पाणी कुठून आले, हे त्याला कोणी विचारले नाही. गुरुजींनी आम्हांला मात्र विचारले. आम्ही दोघांनीही एका सुरात सांगितले, “आम्ही देवळापुढं खेळत होतो, गुरुजी.” पुढे कितीतरी दिवस टँकरपाशी त्या माणसाच्या घागरी रांगेत शेवटी ढकलल्या जात. दिवाळीनंतर तो ऊसतोडीला गेला, तो परत आला नाही. दुष्काळामुळे गेला, असे गाव म्हणते. त्या वर्षी पुष्कळजण गेले, हे खरेच आहे. मीही इतकी वर्षे हेच म्हणत आलो.

कादंबरी संपली त्या रात्री मी मित्राला फोन लावला. तो आता पुण्याला नोकरी करतो. “कसली टाकी?” त्याने आधी विचारले. मग बराच वेळ तो काही बोलला नाही. शेवटी म्हणाला, “नळ शेवटी तू सोडला होतास की मी, ते काही आठवत नाही रे.”

मलाही आठवत नाही.