मुक्या अशिलाचे वकीलपत्र

वैद्यकाच्या सर्व शाखांमध्ये पशुवैद्यकाची अडचण निराळी आहे. माणसांच्या डॉक्टरासमोर बसलेला रोगी आपली व्यथा वाढवून सांगो वा लपवून ठेवो, ती सांगणारा आणि सोसणारा एकच असतो; आमच्यासमोर मात्र ज्याचे दुखते तो मुका असतो आणि जो बोलतो त्याचे काहीच दुखत नसते. बालरोगतज्ज्ञांची स्थिती थोडीफार अशीच असली, तरी तान्हे मूल किमान रडून आकांत करते. उलट कुत्र्याच्या रक्तात वेदना झाकून ठेवण्याची आदिम सवय अशी भिनलेली असते की, दाढेखाली पू झालेला असतानाही ते शेपूट हलवीत दवाखान्यात येते. सौदी अरेबियात, प्रथम रियाधमध्ये आणि पुढे पूर्व प्रांतातील अल् खोबर येथे, लहान जनावरांची चिकित्सा करण्यात माझी बरीच कारकीर्द गेली. आणि या अनुभवांती माझे असे ठाम मत झाले आहे की, लहान कुत्र्याचे आरोग्य जितके डॉक्टराच्या विद्वत्तेवर अवलंबून असते, तितकेच ते त्याच्या धन्याच्या निरीक्षणावर आणि ते निरीक्षण वेळेवर, स्पष्ट शब्दांत व भीड न बाळगता मांडण्याच्या त्याच्या तयारीवर अवलंबून असते.

अरबस्तानाला कुत्रे नवे नाही. हाइल प्रांतातील जुब्बा आणि शुवैमिस येथील ज्या शिलाचित्रांचा २०१५ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत समावेश झाला, त्यांत शिकाऱ्याच्या कमरेला दोरीने बांधलेली कुत्री कोरलेली असून काही संशोधकांच्या अंदाजाने ती सुमारे आठ हजार वर्षांपूर्वीची आहेत. बेदुईन लोकांनी सलुकी या सडपातळ, वेगवान शिकारी कुत्र्याला पिढ्यान्‌पिढ्या तंबूत मानाने वागविले. इस्लामी धर्मशास्त्राने शिकार, राखण आणि कळपाची जोपासना यांसाठी कुत्रा पाळण्यास मुभा दिली. त्याची लाळ अपवित्र मानली, पण विहिरीत उतरून, पायातल्या मोज्यात पाणी भरून तहानलेल्या कुत्र्याला पाजणाऱ्या माणसाला ईश्वराने क्षमा केल्याची कथाही त्याच परंपरेने जतन केली. कामाविना केवळ मायेसाठी मांडीवर बसणारे कुत्रे मात्र या समाजात अगदी अलीकडे आले. २००८ मध्ये रियाधमधील धर्मरक्षक खात्याने कुत्र्या-मांजरांच्या विक्रीस व त्यांना रस्त्यावर फिरविण्यास मज्जाव केला, तेव्हा, त्यांच्या निमित्ताने तरुण पुरुष स्त्रियांशी सलगी करू पाहतात, असे कारण देण्यात आले होते. पुढे २०१६ मध्ये त्या खात्याचे अटकेचे अधिकार काढून घेण्यात आले, आणि २०२० मध्ये याच अल् खोबरमध्ये माणसांनी आपल्या कुत्र्यांसह बसून कॉफी घ्यावी असे उपाहारगृह उघडले. अवघ्या बारा वर्षांतले हे स्थित्यंतर आहे.

समाजाची रीत बदलली तरी वैद्यकीय अनुभव तितक्या झपाट्याने साठत नाही. या देशातील पशुवैद्यकाचा मुख्य भार उंट, मेंढ्या, घोडे आणि शिकारी ससाणे यांच्यावर आहे; इजिप्त, सुदान, सीरिया, पाकिस्तान आणि आपला देश येथून आलेले माझे बहुतेक व्यवसायबंधूही गुरांवर हात बसवूनच इथे आले. मी स्वतः ज्या परळच्या महाविद्यालयात शिकलो, ते १८८६ मध्ये बाई साकरबाई दिनशा पेटिट रुग्णालयाच्या आवारात स्थापन झाले, आणि तेथेही आमचा पुष्कळसा काळ बैल, म्हशी आणि घोडे यांच्यासमवेत गेला. यात कोणाची मानहानी नाही. ज्याने पाचशे किलोंच्या जनावराची नाडी ओळखली आहे त्याची विद्या खोटी नव्हे; परंतु तीन किलोंच्या जनावरासमोर त्याने आपले गणित पुन्हा मांडले पाहिजे, आणि ते मांडले गेले की नाही हे पाहण्याचा हक्क कुत्र्याच्या धन्याला आहे.

हे गणित समजून घेण्यासारखे आहे. ३ किलो वजनाच्या पॉमेरेनियनच्या सबंध शरीरात सुमारे २५० मिलिलिटर रक्त असते. शस्त्रक्रियेत २५ मिलिलिटर रक्त गेले, तर मोठ्या कुत्र्याच्या बाबतीत जी गोष्ट कोणाच्या ध्यानातही येणार नाही, तिने येथे एक दशांश रक्त खर्ची पडते. याच कुत्र्याचे वजन महिन्याभरात ३०० ग्रॅमने उतरले, तर साठ किलोंच्या माणसाचे सहा किलो उतरण्यासारखे ते आहे. तरीही केसाळ अंगामुळे ते डोळ्यांना दिसत नाही, आणि घरातला माणसांचा काटा ते दाखवीत नाही. औषधांचेही तसेच. मेलॉक्सिकॅम या वेदनाशामकाची रोजची मात्रा कुत्र्यासाठी किलोमागे ०.१ मिलिग्रॅम, म्हणजे या प्राण्यासाठी ०.३ मिलिग्रॅम; माणसाची ७.५ मिलिग्रॅमची एक गोळी कोणी मायेपोटी दिली, तर ती पंचवीसपट होते आणि जठर व मूत्रपिंड यांचा नाश ओढवू शकते. आयबुप्रोफेनही असेच घातक आहे. भूल दिल्यावर लहान शरीराची उष्णता विलक्षण वेगाने निघून जाते, आणि वातानुकूलित शस्त्रक्रियागृहात, बाहेर कितीही वणवा पेटलेला असला तरी, टेबलावरचे कुत्रे गारठू शकते.

लहान कुत्र्यांच्या रोगांचा दुसरा विशेष असा की, त्यांची लक्षणे स्वभावदोष म्हणून खपून जातात. मोठे कुत्रे गुरगुरले की डॉक्टर वेदनेचा विचार करतो; छोटे गुरगुरले की ‘फार लाडावलेले आहे’ असे हसत म्हटले जाते. उचलताना ओरडणारे कुत्रे नखरेल नसून त्याच्या पाठीच्या मणक्यात दोष असू शकतो. मध्येच तीन पायांवर उडी मारून पुन्हा नीट चालणाऱ्याची गुडघ्याची वाटी सरकत असू शकते. ग्रेट डेनच्या जबड्यात जे बेचाळीस दात, तेच बेचाळीस दात चिवावाच्या चिमुकल्या जबड्यात दाटीने बसवलेले असतात. दुधाचे दात न पडल्याने ती दाटी आणखी वाढते, मुळाशी किटण साचते आणि तोंडाची दुर्गंधी ही कुत्र्याची जातच अशी, या समजुतीने वर्षानुवर्षे दुर्लक्षित राहते. राजहंस ओरडावा तसा कोरडा, कर्कश खोकला श्वासनलिका चपटी होत असल्याचा असू शकतो, आणि गळ्यातला पट्टा काढून छातीवरचा हार्नेस घालणे हा त्याचा पहिला, बिनखर्चाचा उपाय असतो. वार्धक्यात लहान जातींच्या हृदयातील डाव्या बाजूची झडप जाड होऊन गळू लागते. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, अकरा देशांतील ३६० कुत्र्यांवरील एका अभ्यासाने दाखवून दिले की, हृदय मोठे झाले आहे पण त्रास अजून सुरू झालेला नाही अशा अवस्थेत पिमोबेंडान हे औषध सुरू केल्यास हृदय निकामी होण्याची वेळ सुमारे पंधरा महिन्यांनी लांबते. म्हणून ‘थोडी कुरकुर ऐकू येते, वयोमानाने असायचेच’ एवढ्यावर जेव्हा डॉक्टर थांबतो, तेव्हा ‘मग हृदयाचा आकार एकदा पाहूया का?’ असे विचारणे उद्धटपणाचे नाही. त्या प्रश्नात कुत्र्याचे सव्वा वर्ष सामावलेले असते.

या संदर्भात रियाधमधील एका सांगलीकर कुटुंबाचे उदाहरण मला वारंवार आठवते. त्यांच्या पाच किलोंच्या म्हाताऱ्या पॉमेरेनियनला रात्री खोकला येई. अन्यत्र त्याला घशाचा संसर्ग ठरवून पुन:पुन्हा प्रतिजैविके देण्यात आली होती, आणि दवाखान्यात भीतीने धापा टाकणाऱ्या त्या प्राण्याचे श्वास मोजण्यात अर्थही नव्हता. घरी मुलाकडे राहायला आलेल्या आजींनी मात्र, कुत्रे गाढ झोपले की छातीचे वरखाली होणे मिनिटभर मोजून तो आकडा भिंतीवरच्या कालनिर्णयाच्या चौकटीत लिहून ठेवण्याचा नेम धरला होता. सून संकोचून म्हणाली, “आई, डॉक्टरांना कुठं कॅलेंडर दाखवता?” तेव्हा आजींनी ते पान माझ्यापुढे सरकवले आणि म्हणाल्या, “मला त्यातलं काही कळत नाही डॉक्टर, पण आकडा वाढतोय एवढं कळतं.” चोवीस, सव्वीस, एकतीस, अडतीस, चव्वेचाळीस. झोपलेल्या कुत्र्याचे श्वास मिनिटाला तिसाच्या आत असावेत, हा आमच्या शास्त्राचा साधा दंडक आहे. क्ष-किरणचित्रात हृदय फुगलेले आणि फुप्फुसांत पाणी साचू लागलेले दिसले. पाणी उतरविण्याचे औषध आणि हृदयाचे औषध त्याच दिवशी सुरू झाले व ते कुत्रे पुढे बरेच दिवस सुखाने जगले. त्या दिवशीचे निदान माझ्या नावावर नोंदले गेले खरे, पण त्याचा पुरावा आजींनी गोळा केलेला होता.

सौदी अरेबियातील उन्हाळ्याविषयी स्वतंत्रपणे लिहिणे भाग आहे. जेथे १५ जून ते १५ सप्टेंबर या मुदतीत दुपारी बारा ते तीन उघड्यावर मजुरांकडून काम करून घेण्यास सरकारची बंदी आहे, तेथे पग किंवा शिह् त्झू यांसारख्या चपट्या नाकाच्या कुत्र्याला सायंकाळी पाच वाजता ‘जरा फिरवून’ आणणे धोक्याचे ठरते. कुत्र्याला माणसासारखा सर्वांगाला घाम येत नाही. जीभ आणि नाक यांवरून ओलावा उडाला तरच ते निवते, आणि जेद्दा वा दम्मामच्या दमट हवेत तेही साधत नाही. नेहमी ३८ ते ३९ अंश सेल्सिअस असणारे त्याचे तापमान ४१ च्या वर गेले की मेंदू, आतडी आणि रक्त गोठण्याची क्रिया यांवर घाला पडतो. अशा वेळी दवाखान्याकडे धावण्यापूर्वी अंगावर गार पाणी ओतून पंख्याचा वारा द्यावा. आधी निववावे, मग हलवावे. आणि चपट्या नाकाचे कुत्रे घोरते ते गोड वाटले, तरी त्याच्या नाकपुड्या व टाळू यांची तपासणी उन्हाळ्यापूर्वी करून घेण्याची मागणी धन्यानेच केली पाहिजे.

आता या मुक्या अशिलाची बाजू धन्याने मांडावी कशी? येथील पुष्कळ सौदी घरांतून कुत्र्याला दवाखान्यात घेऊन येतो तो ड्रायव्हर, खाऊ घालते ती मोलकरीण, आणि औषधाचा निर्णय घेतात ते फोनवरचे साहेब. तिघांची जबानी जुळविण्यात अर्धा वेळ निघून जातो. आपल्या मराठी घरांतही प्रकार फार वेगळा नसतो. म्हणून जो रोज वाटी भरतो आणि विष्ठा उचलतो त्यानेच यावे, किंवा त्याची हकिकत तारीखवार लिहून आणावी: केव्हापासून, किती वेळा, कशानंतर, काय दिले आणि त्याने काय फरक पडला. खोकला, झटका किंवा लंगडणे यांचे चलच्चित्र फोनवर घेऊन ठेवावे, कारण दवाखान्याच्या दारात पाय ठेवताच लक्षणे बेपत्ता होतात. त्यानंतर चार प्रश्न विचारावेत. तुमच्या मते हे काय आहे, आणि ते नसेल तर दुसरे काय असू शकेल? ही तपासणी केल्याने उपचारात काय बदल होईल? आजच्या वजनावर औषधाची मात्रा किती, ते लिहून द्याल का? आणि कोणते लक्षण दिसताच, ठरलेल्या तारखेची वाट न पाहता, परत यावे? भूल द्यायची असल्यास आणखी विचारावे की, आधी रक्त तपासणार का, शरीर उबदार कसे ठेवणार, आणि शुद्धीवर येईपर्यंत जवळ कोण बसणार. तपासणीचे कागद व चित्रे यांच्या नकला मागून घ्याव्यात. इकाम्याची, म्हणजे निवासपरवान्याची, मुदत आणि नोकरीचा करार संपला की देश सोडावा लागतो, आणि मायदेशी परतताना ना-हरकत पत्रापासून रेबीजच्या लसीपर्यंत सर्व दप्तर लागते. ज्यांच्याकडे ते नसते, त्यांची कुत्री मागे राहिलेली मी पाहिली आहेत.

वकिलाने न्यायाधीशाशी भांडायचे नसते, हेही तितकेच खरे. इंटरनेटवर वाचलेला रोग ठरवूनच येणारा आणि डॉक्टरावर पहिल्या क्षणापासून अविश्वास दाखविणारा धनी आपल्या कुत्र्याचे अहितच करतो. कारण रागावलेला डॉक्टर बचावात्मक होतो आणि मोकळेपणाने शंका बोलून दाखवीत नाही. खर्चाची मर्यादा असेल तर ती लाजेने दडवू नये. आरंभीच सांगितल्यास तपासण्यांचा क्रम त्यानुसार लावता येतो. दुसऱ्या डॉक्टराचे मत घ्यायचे असल्यास तसे सांगूनच घ्यावे. माझ्या व्यवसायबंधूंना माझे सांगणे एवढेच की, जो वैद्य दुसऱ्या मताच्या उल्लेखाने दुखावतो, त्याने आपली सनद भिंतीवर जरा खाली टांगावी.

हा अंक वाचकांच्या हाती पडेल तेव्हा आमच्याकडे उन्हाळा ओसरलेला असेल आणि महाराष्ट्रात दिवाळीचे फटाके सुरू झालेले असतील. घरात लहान कुत्रे असेल तर आवाजाच्या भीतीवर कोणते औषध द्यावे हे डॉक्टरांना आधी विचारून ठेवा, कारण नुसती गुंगी आणणाऱ्या गोळीने भीती जात नाही. कुत्रे फक्त हलत नाही. मनुके आणि चॉकलेट यांची तबके त्याच्या तोंडापासून दूर ठेवा, दोन्ही त्याला विषासमान आहेत. आणि सणाच्या फुरसतीत तीन कामे करा: बाळांच्या काट्यावर त्याचे वजन करा, ओठ उचलून त्याचे दात पाहा, आणि ते झोपले असताना त्याचे श्वास मोजा. तिन्ही नोंदी तारीख घालून लिहून ठेवा, आणि त्यांतील एखादी बदलली तर, कोणी कितीही हसले तरी, ती वही घेऊन डॉक्टरांकडे जा.