परत जायला गाव असलं की

बुवापाडा, अंबरनाथ

चि. सोनूस,


तिथे लॉस एंजेलिसला फ्लॅट घेऊ, की पैसे साठवून इकडे बदलापूरकडे काही बघू, असं तू विचारलंस. त्याच पत्रात तुझ्या घराजवळच्या थाई टाउनबद्दल इतकं भरभरून लिहिलंस, की उत्तर तिथूनच सुरू करते. पाट्या थाई, खाणं थाई, आणि संध्याकाळी दुकानं बंद करून मालक मात्र शहराच्या दुसऱ्या टोकाला झोपायला जातात! तुला त्याची गंमत वाटली. मला नाही वाटली.

त्या वस्तीला लॉस एंजेलिसच्या महापालिकेने थाई टाउन हे नाव १९९९ साली दिलं. त्याआधी चार वर्षं, ऑगस्ट १९९५ मध्ये, जवळच्या एल मॉन्टी गावात ७२ थाई शिवणकामगार सापडले. बहुतेक बायकाच. काटेरी तारेच्या कुंपणाआड कोंडून त्यांच्याकडून अमेरिकन दुकानांसाठी कपडे शिवून घेत होते, काहींकडून तर सात-सात वर्षं. थाई खाणं, थाई मसाज यांच्या पाट्या वाचताना हेही लक्षात असू दे.

थाई माणसं एकाच वाटेने बाहेर गेलेली नाहीत. १९६५ च्या कायद्याने अमेरिकेचं दार उघडलं, शिवाय व्हिएतनाम युद्धात अमेरिकेचे तळ थायलंडातच होते; तेव्हा शिकलेले आणि सैनिकांशी लग्न झालेल्या बायका असे दोन्ही तिकडे गेले. जर्मनीत आणि स्वीडनमध्ये तर लग्न करून गेलेल्या बायकाच जास्त. बर्लिनच्या एका बागेत त्यांनी चटया टाकून खाणं विकायला सुरुवात केली आणि लोक त्या जागेला थाई पार्कच म्हणू लागले. तैवानात कारखाने, इस्राएलमध्ये शेती. इस्राएलच्या मळ्यांवर २०२३ साली तीस हजारांच्या आसपास थाई मजूर होते. करार पाच वर्षं आणि थोडे महिने, बायकापोरांना आणायची मुभा नाही. त्या वर्षी ऑक्टोबरमध्ये तिथे झालेल्या हल्ल्यात त्यांच्यातले तीसहून अधिक जण मारले गेले. ज्या भांडणात त्यांचा काडीचा संबंध नव्हता, त्या भांडणात.

यातले पुष्कळ जण ईसान भागातले. तो थायलंडचा कोरडवाहू कोपरा, आपल्या मराठवाड्यासारखा आभाळाकडे बघून पिकणारा. बाहेरच्या कमाईतून तिकडे पक्की घरं उभी राहतात, आणि बांधणारा राहतो दुसऱ्या देशात, भाड्याच्या खोलीत.

आता आपल्या शेजाऱ्यांकडे बघ. अंबरनाथहून कल्याणकडे जाताना पहिलंच स्टेशन उल्हासनगर. दुसऱ्या महायुद्धात तिथे लष्कराची छावणी होती, कल्याण कॅम्प. फाळणीनंतर कराचीहून बोटीने मुंबईला उतरलेल्या सिंध्यांना सरकारने तिथल्या बराकींत आणून टाकलं. थोडेथोडके नव्हेत, लाखाच्या घरात माणसं. ८ ऑगस्ट १९४९ ला राजगोपालाचारींच्या हस्ते गावाचं बारसं होऊन उल्हासनगर झालं, तरी आजही रिक्षावाला विचारतो तो कॅम्प नंबर. एक ते पाच.

थाई स्वतःच्या पायांनी गेले, या लोकांना नेऊन सोडलं. तरी जम कुणाचा घट्ट बसला? सिंध्यांचा. कारण साधं आहे. त्यांना मे महिन्यात जायला गावच उरलं नव्हतं. जे कमावलं ते कॅम्पातच लावलं: फर्निचर, कापड, जीन्स, पापड, देऊळ, शाळा, कॉलेज. ‘मेड इन यूएसए’ म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन, असं आम्ही पोरं त्यांना चिडवायचो. तेही ऐकून हसायचे आणि दुकान चालवायचे. याचा अर्थ त्यांचं भलं झालं असा काढू नकोस. सिंधीला राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत जागा मिळाली ती १९६७ साली, आणि आता त्यांची नातवंडं घरात हिंदीच बोलतात. पाय रोवले, पण त्याची किंमत त्यांनी भाषेत भरली.

आपण मात्र थाई लोकांच्या जातीचे. तुझे आजोबा इथे विम्कोच्या कारखान्यात काडेपेट्या करायला आले आणि शेवटपर्यंत ‘रिटायर झालो की गावी’ म्हणत राहिले. पगार गावच्या घराच्या कौलांत गेला. इथली खोली तशीच गळकी, दोन पिढ्या. गणपतीला चाळीतली अर्धी बिऱ्हाडं कुलपं लावून निघून जातात, आणि पालिकेच्या नळाबद्दल भांडायला वर्षभर कुणी पुढे येत नाही. कशाला यावं? मन गावात ठेवलेलं. इथे चाळीस वर्षं राहून आपण पाहुणेच.

तेव्हा माझं मत विचारलंस म्हणून सांगते. बदलापूरच्या फ्लॅटचा विचार सोड. तिथेच घे, लहान घे, जमेल तेवढ्याच कर्जाने घे. घराचे कागद हातात आले की तिथल्या शाळेच्या, रस्त्याच्या बैठकांना जात जा. पोरीशी घरात मराठीच बोल. त्याला कर्ज काढावं लागत नाही. गावच्या जमिनीत तुझ्या आईचा हिस्सा आहे, तो विकू मात्र देऊ नकोस. मामाला मी तसं कळवलं आहे.

तुझी,
मावशी