पाकिटावरचा पत्ता आणि आतला मायना

टपालाच्या पत्रावर दोन ठिकाणी नाव असे. पाकिटावरचे पोस्टमनसाठी, आतल्या मायन्यातले वाचणाऱ्यासाठी. पोस्टमनला मायन्याशी कर्तव्य नसे. ई-मेलची घडणही अशीच आहे. १९८२ साली तिचे जे नियम लिहिले गेले, त्यांतही पाकीट आणि मजकूर वेगळे ठेवलेले आहेत. पत्र सोडताना आपल्या बाजूचे यंत्र पुढच्या यंत्राला आधी एकेक पत्ता सांगते. हे झाले पाकीट. मग मजकूर देते. त्याच्या माथ्यावरच्या ‘टू’ आणि ‘सीसी’ या ओळी म्हणजे केवळ मायना.

‘सीसी’ म्हणजे कार्बन कॉपी. बिलबुकात निळा कागद घालून हिशेब लिहिलेल्यांना ती नव्याने सांगायला नको. ‘बीसीसी’तला पत्ता मात्र पाकिटावर जातो आणि मायन्यातून गाळला जातो. म्हणूनच आपले नाव कुठेही नसलेले पत्र कधीकधी आपल्याला येते.

गेल्या दिवाळीपूर्वी आमच्या एका पुरवठादाराने नव्या भावांचे पत्रक साऱ्या दुकानदारांना ‘सीसी’ने धाडले. वर्षानुवर्षे जोडलेली त्याची गिऱ्हाइके क्षणात प्रत्येकाच्या पडद्यावर उघडी पडली. आठवडा उलटण्याआधीच त्याच मालाचे भाव आम्हाला दोन अनोळखी पेढ्यांकडून आले. वडील गिऱ्हाइकांची वही तिजोरीत का ठेवत, हे त्या दिवशी घरातल्या मुलांना समजले. त्या यादीत आमचाही पत्ता होता, आणि तो इतरांना द्यावा का, हे आम्हाला कोणी विचारले नव्हते. मला अधिक लागले ते हेच.

तरी ‘बीसीसी’ म्हणजे अभेद्य पडदा नव्हे. तिथल्या माणसाने ‘रिप्लाय ऑल’ दाबले, की त्याचे उत्तर ‘टू’ आणि ‘सीसी’तल्या सर्वांकडे जाते व तो आपोआप उघड होतो. भागीदाराशी चाललेला पत्रव्यवहार तिसऱ्याला असा आडून ऐकवणे मला मुळीच रुचत नाही. दाखवायचाच असेल तर नंतर स्वतंत्रपणे पाठवावा.

भावपत्रक असो वा लग्नाचे आमंत्रण, ‘टू’मध्ये आपलाच पत्ता घालून बाकीचे ‘बीसीसी’त ठेवावेत. गिऱ्हाईक जुने असेल, तर त्याच्या नावाचे वेगळे पत्र लिहिणे बरे. आमचे मुनीमजी आता तसेच करतात. वेळ लागतो, पण उत्तरेही अधिक येतात.