लॉस एंजलीसच्या नगरसभेंत

सन २०२५ च्या श्रावणांत पुतण्याच्या आग्रहावरून आम्हां उभयतांस अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील लॉस एंजलीस शहरीं कांहीं काळ राहण्याचा योग आला. समुद्रकिनारा, सिनेमाची वसाहत वगैरे प्रेक्षणीय स्थळांचीं वर्णनें वाचकांनीं अन्यत्र वाचलीं असतीलच. माझ्या मनांत घर करून राहिलें तें मात्र तेथील नगरसभेचें मंदिर होय.

तिकडे जाण्यास निमित्त झालें एका वादाचें. पुतण्याचें बिऱ्हाड नॉर्थ हॉलिवूड भागांत, भुयारी रेल्वेच्या स्थानकापासून दहा मिनिटांच्या वाटेवर आहे. शेजारीं एक वृद्ध गृहस्थ स्वतःच्या एकमजली घरांत राहतात. अंगणांत संत्र्याचें झाड. त्या सुमारास कॅलिफोर्निया राज्याच्या विधिमंडळापुढें ‘सिनेट बिल ७९’ नांवाचा कायद्याचा मसुदा होता. रेल्वे स्थानकांच्या आसपास उंच इमारती बांधण्यास, अगदीं निकटच्या जागीं नऊ मजल्यांपर्यंतही, परवानगी द्यावी आणि शहरांनीं त्यास आडकाठी करूं नये, असा त्याचा आशय. सूनबाई म्हणे, “काका, घरें वाढल्यावांचून भाडें उतरणार कसें? मिळकतीचा मोठा हिस्सा घरमालकाच्या हातीं जातो.” शेजारचे आजोबा म्हणत, “माझ्या झाडावर ऊन कोठून पडणार?” दोघांचेंही म्हणणें मला खरें वाटे.

या प्रश्नाचा निर्णय राज्याच्या हातीं. तरीही शहराच्या नगरसभेनें त्यावर आपलें मत १९ ऑगस्ट रोजीं नोंदविलें. बाजूनें आठ, विरुद्ध पांच अशा मतांनीं ठराव झाला कीं, ज्या शहरांची गृहयोजना राज्यानें मान्य केली आहे त्यांना वगळावें. तशी दुरुस्ती न झाल्यास या मसुद्यास आमचा विरोध आहे. ज्या सभेस कायदा करण्याचा अधिकार नाहीं, तिनें त्यावर मत तरी कां द्यावें, हें कोडें मला पडलें आणि पुढील आठवड्यांत मी तें स्थळ पाहावयास निघालों.

भुयारी गाडीनें ‘सिव्हिक सेंटर’ स्थानकावर उतरून वर आलों कीं तो शुभ्र मनोरा दृष्टीस पडतो. सन १९२८ त पुरी झालेली ही इमारत ४५४ फूट उंच आहे. तिच्या काँक्रीटमध्यें राज्याच्या अठ्ठावन्नही परगण्यांतील वाळू आणि एकवीस जुन्या मिशनांचें पाणी मिसळलें होतें, असें कळलें तेव्हां मला आपल्याकडील सप्तनद्यांच्या उदकाची आठवण झाली. आंत संगमरवरी खांब, नक्षीदार छत, आणि श्रोत्यांसाठीं लांबच लांब लांकडी बांकें. सुमारें ३९ लक्ष वस्तीच्या या शहराचे सभासद अवघे पंधरा. कोणीही नागरिक नांव देऊन दोन शब्द बोलूं शकतो. मुदत संपली कीं त्यानें थांबावें.

पुतण्यानें ठरावांचे कांहीं नमुने हातीं दिले ते मी बांकावर बसून वाचले. सारा ठराव म्हणजे एकच दीर्घ वाक्य! ‘ज्याअर्थीं’, ‘ज्याअर्थीं’ अशीं कारणें एकाखालीं एक, आणि शेवटीं ‘त्याअर्थीं’ निर्णय. संस्कृत शिकवितांना ‘यस्मात्–तस्मात्’ची जोडी मीं मुलांकडून घोकून घेतली, तीच येथें राज्यकारभार चालवीत होती. पहिल्याच कलमांत नियम सांगितलेला असतो कीं, कायद्यासंबंधीं शहराचें अधिकृत मत सभेच्या ठरावानें व महापौरांच्या संमतीनेंच ठरावें. सभासदानें ठराव मांडला कीं तो नियम, निवडणुका व आंतरशासकीय संबंध पाहणाऱ्या समितीकडे जातो. मुख्य विधिविश्लेषक या अधिकाऱ्याचें कार्यालय मसुद्याचा शहरावर काय परिणाम होईल, याचा अहवाल देतें. समितीची शिफारस मग सभेपुढें येते. ‘पाठिंबा’, ‘विरोध’, ‘दुरुस्ती केल्यास पाठिंबा’, ‘दुरुस्ती न केल्यास विरोध’ अशा पायऱ्या असतात. मंजूर झालेलें मत शहराच्या वतीनें सॅक्रामेंटो येथें, आणि राष्ट्राच्या कायद्याविषयीं असल्यास दोन हजारांहून अधिक मैलांवरील वॉशिंग्टन येथें मांडलें जातें. ऐकणारा तें मानीलच असें नाहीं.

हें वाचतां वाचतां माझें मन फार मागें गेलें. तालुक्याच्या गांवीं शिक्षक असतां, शाळेंतील संस्कृताचे तास कमी होणार अशी वार्ता आली. एका सहकाऱ्यानें वरिष्ठांकडे धाडावयाचा अर्ज लिहून आणला. “नगाऱ्यापुढें टिमकी कशास वाजवितां?” असें म्हणून मीं सही केली नाहीं. तास कमी झाले. सही केली असती तरी तसेंच झालें असतें, असें मी आजवर मनास समजावीत आलों. परंतु त्या अर्जाच्या ‘ज्याअर्थीं’ खालीं माझें नांव नाहीं, ही गोष्ट तेवढ्यानें पुसली जात नाहीं.

पुढें तो मसुदा दुरुस्त्यांसह दोन्ही सभागृहांत मंजूर झाला. १० ऑक्टोबर २०२५ रोजीं राज्यपालांनीं सही केली आणि अंमलाची तारीख १ जुलै २०२६ ठरली. शहरांना पर्यायी योजना आंखण्याची मुभाही कायद्यांत आहे. नगरसभेचा विरोध निष्फळ झाला असें कोणी म्हणेल. मला तसें वाटत नाहीं. आठ जणांचें मत व पांच जणांचें मत, दोन्हीं नांवानिशीं नोंदलीं गेलीं. त्यांत आजोबांच्या उन्हाचेंही आलें व सूनबाईच्या भाड्याचेंही. उद्यां जाब विचारावयाचा झाला तर कोणास विचारावा, हें दोघांनाही ठाऊक आहे.

निरोपाच्या दिवशीं आजोबांनीं झाडाचीं चार संत्रीं आणून दिलीं. सूनबाईनें तीं सोलून सर्वांना वांटलीं. वाद मिटला नव्हता, पण फांकी दोघांनींही खाल्ल्या.

घरीं परतल्यावर आमच्या वाचनालयाच्या जागेसंबंधींचा एक अर्ज गल्लींत फिरत होता. उपयोग काय, असें दोघां-तिघांनीं म्हटलें. मीं चष्मा लावला, अर्ज सावकाश वाचला, एक शुद्धलेखनाची चूक दुरुस्त केली आणि खालीं सही केली.