सान पास्क्वालचे भालाईत

सॅन दिएगोच्या उत्तरेला, एस्कॉन्डिडोहून सान पास्क्वालच्या खोऱ्यात उतरणाऱ्या रस्त्यावर बहुतेक गाड्या जिराफ बघायला सफारी पार्कात वळतात. आम्ही तसेच पुढे गेलो. टेकडीला टेकून छोटं संग्रहालय आहे. त्याच्या सज्जातून अख्खं रणांगण दिसतं. आज तिथे शेती आहे.

टेक्सासची हद्द न्यूसेस नदीला संपते की रिओ ग्रांदेला, या तंट्यावरून १८४६ साली अमेरिका आणि मेक्सिकोची जुंपली. हे खोरं त्या पट्ट्यापासून कितीतरी दूर. पण अमेरिकेचे अध्यक्ष पोक यांचा खरा डोळा मेक्सिकोच्या ताब्यातल्या कॅलिफोर्नियावरच होता. अमेरिकेचा जनरल कर्नी ३०० स्वारांनिशी सांता फेहून तिकडे निघाला. वाटेत तिकडून येणारा वाटाड्या किट कार्सन भेटला, म्हणाला, कॅलिफोर्निया तर आपण जिंकलासुद्धा. कर्नीने २०० स्वार माघारी धाडले. कार्सन निघाला तेव्हा बातमी खरीच होती. त्याच्या पाठीमागे लॉस एंजेलिसने बंड करून अमेरिकनांना हुसकावलं होतं.

६ डिसेंबरची पहाट, सान पास्क्वालचं खोरं. रात्रभर पावसाने बंदुकांची दारू भिजलेली, वाळवंट तुडवून आलेली खेचरं मेटाकुटीला आलेली. हुकूम दुडक्या चालीचा होता. कॅप्टन जॉन्स्टनने तो हल्ल्याचा समजून घोडं चौखूर सोडलं, असं सांगतात. तो पहिल्याच गोळीने पडला. धडधाकट घोडे पुढे गेले, खेचरं मागे रेंगाळली, फौजेची लांबलचक शेपटी झाली. मेक्सिकोच्या बाजूने लढणाऱ्या आंद्रेस पिकोचे कॅलिफोर्निओ, म्हणजे कॅलिफोर्नियातले स्पॅनिशभाषक, स्वार पळाल्यासारखे करून थोडे हटले आणि गर्रकन फिरले. गुरांमागे घोडी दामटण्यात हयात गेलेली ही माणसं. हातात लांब भाले. तलवारीचं पातं पोचायच्या आत भाला छातीत. वीसेक अमेरिकन मेले, बहुतेक भाल्यानेच. खुद्द कर्नी जखमी झाला.

मैदान आपल्याकडे राहिलं म्हणून कर्नीने अहवालात विजय लिहिला. हा विजयी वीर पुढे जवळच्या टेकडीवर वेढ्यात अडकून खेचरं कापून खात होता! ती टेकडी आजही म्यूल हिल, म्हणजे खेचरांची टेकडी. कार्सन आणि दोघे अंधारातून निसटून सॅन दिएगोला पोचले, तेव्हा कुठे मदत आली.

जानेवारीत पिकोने काहुएंगाला तहावर सही केली आणि कॅलिफोर्नियातली लढाई थांबली. पण खोऱ्यातलं सान पास्क्वाल गाव ना त्याचं होतं, ना कर्नीचं. ते कुमेयाय लोकांचं. १८७०च्या दशकात त्यांनाही इथून हुसकावलं. १९१० साली राखीव जमीन मिळाली ती व्हॅली सेंटरला, या खोऱ्याबाहेर.